एक डोळा झाकून

पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतली विड्याची पानं घेऊन ती पालघरात माझ्या औषधाच्या दुकानासमोर विकायला बसते. पन्नाशी नुकतीच उलटलेली. पदरानं वारा घेत म्हणायची, "दादा, पाळी गेली नि आंगात भट्टी पेटली. बाईचं वय हाय." रक्तदाबाची गोळी डोकं दुखेल त्याच दिवशी घ्यायची. रोज घ्या म्हटलं की हसायची, "दुखत नाय तर गोळी कशाला?" मग मीही मागेल तेवढ्याच गोळ्या कापून द्यायचो.

गेल्या महिन्यात ती मान वाकडी करून पानं निवडू लागली. मी तिला एकेक डोळा झाकून माझ्याकडे बघायला सांगितलं. उजवा झाकला नि ती म्हणाली,

"अरे दादा, दुकान हाय, पण मधला माणूसच नाय!"

ती हसत होती. मी तिला तसंच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यातली बारीक शीर तुंबली होती. डॉक्टर म्हणाले, पाळी थांबल्यावर पुष्कळ बायकांचा रक्तदाब चढतो आणि डोळ्यांतल्या नसांना तो सोसत नाही. इंजेक्शनं सुरू झाली, पण नजर किती परत येईल ते सांगता येत नाही.

आता ती रोज गोळी घेते. शेजारच्या भाजीवालीला, कोळणीला धरून आणते, एकेक डोळा झाकायला लावते, मग रक्तदाबाच्या यंत्रापुढे बसवते.

काल तिनं मलाच विचारलं, "वहिनींचं कधी बघितलंत?"

माझी बायको हल्ली रात्री घामानं उठून बसते आणि मी कूस बदलतो. मी म्हटलं, "नाही."

"मग आज यंत्र घरी न्या," ती म्हणाली. "इथल्या बायांचं आमी उद्या बघू."