चिऱ्याच्या खाणीत झाडं लावताना

जुन्या खाणीत माती भरायला घेतली, की मातीपेक्षा किस्सेच जास्त जमतात. माती डोक्यावरून आणावी लागते, किस्से आपल्या पायांनी चालत येतात!

खाण म्हणजे कसालजवळची, आमच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावरची. ठेकेदार बाबीने चिरे काढून अर्ध्या सड्याचा खड्डा केला. तो आम्ही बचत गटाच्या बायका पुन्हा हिरवा करतोय. पण जमीन माझ्या मुंबईच्या दिराची, आणि उरलेला सडाही बाबीला हवा. तिथे चिरे कापायचं मशीन लागलं, की आमची रोपं धुळीखाली मेलीच!

पहिल्या वर्षी रोपं लावली, पण पाण्याला वाटच ठेवली नाही. पावसात सगळं तळं! शेजारीण शेवंती काठावरून ओरडली, "गो बाय, झाडां लावलंस काय मासे पाळलंस?"

दुसऱ्या दिवशी चर खणला. मी चौथी शिकलेय, पण एक चूक दोनदा करत नाही.

नणंदेचे मुंबईचे जावई म्हणाले, "मामी, इथे स्विमिंग पूल करा. रिसॉर्ट चालेल!"

म्हटलं, "आधी आमच्या विहिरीत उतरून दाखवा!"

मग चहासुद्धा हळू आवाजात मागत होते.

एका सकाळी शेवंतीने हाका मारून सगळ्यांना खाणीत बोलावलं. बघतो तर कांडेचोराची, म्हणजे उदमांजराची विष्ठा, आत करवंदाच्या बिया! खाण सुरू झाल्यापासून ते जनावर इकडे फिरकलं नव्हतं. आम्ही सगळ्या भोवती गोल करून, वाकून उभ्या. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे तात्या वाटेवरून विचारतात, "काय हरवलां गो?"

शेवंती म्हणाली, "हरवलेलां गावलां!"

यंदा दिराने बाबीला होकार दिला. मशीन येऊन उभं राहिलं. पण सड्याच्या राखणदार देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय इथे कोणी कुदळ मारत नाही. बाबी नारळ घेऊन हजर, सगळा गाव हजर, आणि तात्यांचा घसा बसलेला!

"मी घालतंय," मी म्हटलं.

"बायकांनी गाऱ्हाणां घालूचा नसता," बाबी म्हणाला.

"मगे माती बायकांनी कित्याक ओढली?"

बाबीने नारळ ठेवला आणि डोळे मिटले. मी हात जोडले.

"बा राखणदारा, ह्या लेकरांची सेवा मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव.

"लावलेली झाडां जगव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उरलेल्या सड्याक बाबी कधी हात लावचो नाय, असो तो तुका शब्द देता रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज बाबीचा!

मग त्याने डोळे उघडले.

"काकी, ह्या बरां नाय हां!"

"माका कित्याक सांगतंस? राखणदाराक सांग!"