चौदाव्या मजल्यावरची खाण

सिंगापुरातल्या समस्त बुकित पंजांगकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आपल्या ब्लॉकच्या चौदाव्या मजल्यावर सोन्याची एक मेलेली खाण अजून सुरू आहे. तिचे चालक म्हणजे आमचे शेजारचे काका, जहाजावरचे निवृत्त इंजिनियर. त्यांचा जन्म कर्नाटकातल्या खाणीच्या गावातला. सोनं संपलं, खाण बंद झाली, माणसं पांगली. आता तिथे घरांना छपरं नाहीत आणि खाणीत काठोकाठ काळं पाणी आहे. भंगारवाल्याच्या तावडीतून काकांनी गावातली एकच वस्तू सोडवून आणली: खाणीच्या तोंडाशी असायचा तो बिल्ल्यांचा फळा. कामगाराने उतरताना आपला पितळी बिल्ला खिशात घालायचा, वर आला की परत खिळ्याला अडकवायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस अजून खाली.

हा फळा काकांच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या जागी. नियमही तोच, कारण त्यांच्या मते लिफ्ट म्हणजे खाणीचा पिंजरा. त्यांच्या घरून हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी प्यायला उतरायचं तरी बिल्ला न्यायचा. एकदा मी तो खिशात विसरून ऑफिसला गेलो, तर काकांनी भर मीटिंगमध्ये फोन करून विचारलं, "आहेस ना रे?" मी हसलो. ते हसले नाहीत.

एक खिळा मात्र त्यांच्या लहानपणापासून रिकामा आहे. त्यावर मी छत्री टांगली, तेव्हा त्यांनी ती अलगद काढून माझ्या हातात दिली. "त्याची जागा आहे," एवढंच म्हणाले. कोणाची, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. संध्याकाळी, पाळी सुटायच्या वेळी, पंखा बंद असतानाही ते बिल्ले किणकिणतात. बाहेरच्या रुळावरून एलआरटी गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. एलआरटी बंद पडली होती त्या संध्याकाळीही घातली.

परवा मी तिथे असतानाच त्यांची लेक त्यांना पासिर रिसला, आपल्या काँडोत न्यायला आली. फळ्यापुरती भिंत तिच्याकडे नव्हती. "भंगार आहे बाबा, टाकून द्या लाह," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. काका उठले. बिल्ला घेतला आणि खाली गेले.

चहा निवला. तिने फोन लावला, तो टेबलावरच वाजला. ती आधी खिडकीशी गेली, मग दाराशी, मग फळ्यासमोर येऊन थांबली. आता तिथे दोन खिळे रिकामे होते. वारा नव्हता, तरी बिल्ले हलू लागले, एकामागून एक, जणू पाळी सुटून माणसं वर येत होती. तिने माझा हात धरला, मी सोफ्याचा.

लिफ्ट उघडली. दारात काका, हातात पार्सल कॉफीची पिशवी. "काढू या फळा," ते हळूच म्हणाले, "तुझंही बरोबर आहे."

तिच्या तोंडून निसटलंच, "ते राहू द्या बाबा, आधी बिल्ला लावा!"