अस्वलाच्या डग्ग्याची शाई

मैत्रिणींनो, आज दुपारी विरारला आमच्या घरी जे घडलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

भाचीच्या बाळासाठी मी भिंतीवर लावायला एक भरतकाम करतेय. त्यात अस्वल तबल्यावर, मांजर पेटीवर आणि ससा बासरीवर आहे. टेबलावर दोरे मांडून रंग आणि टाके ठरवत होते. सशाच्या शेपटीला पांढरा गाठीचा टाका ठरला, अस्वलाचा तपकिरी काही जुळेना.

शेजारी सासरे बसले होते. त्यांनी आयुष्यभर भजनात तबला वाजवला. गेल्या वर्षी अर्धांगवायूने उजवा हात गेला, तेव्हापासून तबल्याचा विषयही काढू देत नव्हते.

आज कापडावरच्या अस्वलाच्या चित्राकडे बघून म्हणाले, "डग्ग्याची शाई, तो काळा गोल, मधोमध नसते गं. कडेला घे."

मी पेन्सिल पुढे केली. त्यांनी डाव्या हाताने वाकडातिकडा गोल काढला.

"काळ्या दोऱ्याने भरू, पप्पा?"

"काळाच. आणि टाका भरीव घाल, कापड दिसता कामा नये."

मग त्याच हाताने टेबलावर हळूच ठेका धरला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातच थांबल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

तो गोल मी वाकडाच भरणार आहे. देवाचे किती आभार मानू कळत नाही.

तुमच्या घरातलं असं गप्प झालेलं माणूस कशाने बोलतं झालं?