धोंड्याच्या महिन्यातला फोन

कारगिलची लढाई चालू होती त्या उन्हाळ्यात मी सासुरवाडीला गेलो आणि उंबरा ओलांडता ओलांडताच माती खाल्ली.

परभणीहून निघालेली एसटी गंगाखेडला निवांत थांबून पालमला पोचली, तेव्हा संध्याकाळचे सात वाजत आले होते. सासऱ्यांच्या पुढच्या खोलीत ही गर्दी. सासरे, सासूबाई, चार दिवस आधी माहेरी आलेली माझी बायको, शेजारपाजारचे, सगळे टीव्हीकडं तोंड करून चिडीचूप बसलेले. तेव्हा तिकडं इंग्लंडात क्रिकेटचा वर्ल्डकपही चालू होता आणि सबंध प्रवासात मला तेवढाच एक घोर होता. मी पिशवी खाली ठेवली आणि जावयाला शोभेल अशा खणखणीत आवाजात विचारलं, "काय झाला स्कोअर?"

टीव्हीवर बातम्या होत्या. बर्फाचे डोंगर, तोफांचा धूर, आणि मग तिरंग्यात गुंडाळलेली एक पेटी चार जणांच्या खांद्यावरून चाललेली. माझा मेव्हणा, या घरातला एकुलता एक मुलगा, त्याच डोंगरांत कुठंतरी होता.

बायको उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "चपला तरी काढा." चपला घालूनच मी थेट बैठकीवर उभा होतो.

मेव्हणा मिल्ट्रीत जाऊन तीनेक वर्षं झाली होती. घरात फोन नव्हता. चौकातल्या एसटीडीवाल्याचा नंबरच घरचा नंबर, तो आमच्या लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा छापला होता, कंसात पी.पी. लिहून. दर दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी मेव्हण्याचा फोन यायचा. एसटीडीवाला बनियनवरच गल्लीच्या तोंडाशी येऊन हाक मारायचा आणि सासूबाई हातातलं पीठ तसंच ठेवून पळायच्या. लढाई सुरू झाल्यापासून तो फोन बंद पडला होता. शेवटच्या फोनवर तो म्हणाला होता, "वर जायलोय आई, तिथं फोन न्हाई." त्यानंतर काही नाही. घरात कुणी तो विषय काढत नव्हतं, पण एसटीडीवाला सहज गल्लीतून गेला तरी सगळ्यांच्या माना वळायच्या. इतक्या की तो बिचारा पुढं पुढं लांबच्या बोळानं जायला लागला.

बाकी पालममध्ये लढाई जोरात होती. चौकातल्या कॅसेटच्या दुकानात झेंडावंदनाची गाणी रोज सकाळपासून लागायची. कटिंगच्या दुकानात गावातले सगळे सेनापती जमायचे. कारागीर आरशावर साबणाच्या फेसानं डोंगर काढून दाखवायचा, "हे बघा, हे वर बसलेत, आपले हे असे खालून चढायलेत." मग त्याच फेसाचा हात गिऱ्हाइकाच्या गालावर. वाण्याकडं गुळापासून काडेपेटीपर्यंत जे जे महाग व्हायचं त्याचं खापर तो कारगिलवर फोडायचा. सासऱ्यांनी एकदा विचारलंच, "खोबरं काय कारगिलला पिकतं का रे?"

"पिकत न्हाई मामा, पण टेन्शन हाय ना!" वाणी म्हणाला.

सासरे शिंपीकाम करायचे. त्या महिन्यात त्यांच्याकडं लग्नाचे कपडे कमी आणि झेंडे जास्त होते. आठवड्यातून एकदा दाढी करणारा हा माणूस रोज दुपारी कटिंगच्या दुकानात जाऊन बसायला लागला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुपारच्या गाडीनं पेपर यायचा. सासरे तो आधी हातात घ्यायचे, कामी आलेल्यांची नावं वाचायचे, घडी घालून परत द्यायचे आणि गुळगुळीत गालानं घरी यायचे. पेपर घरी कधी आणला नाही. सासूबाई विचारायच्या, "काय म्हणतंय पेपरात?" तर म्हणायचे, "भेंडवळची भाकितं हायत नुसती. ऊन वाढणार म्हणतेत."

आता मी कशाला गेलो होतो ते सांगतो. तो अधिक महिना होता, आमच्याकडं म्हणतात तो धोंड्याचा महिना. लेक-जावयाला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे, अनारशाचं वाण द्यायचं, कपडे करायचे. लग्नानंतरचा माझा हा पहिलाच धोंड्याचा महिना. खोटं कशाला बोलू, परभणीच्या ऑफिसात मी आठ दिवस आधीपासून सांगत सुटलो होतो. पण टीव्हीपुढचं ते दृश्य बघितल्यावर मला एकदम मोठेपणा सुचला. रात्रीच्या जेवणात पहिला घास घेता घेता मी म्हणालो, "मामी, यंदा धोंडे राहू द्या. तो सुखरूप घरी आला की सगळे मिळून करू."

मला वाटलं, सगळे म्हणतील काय समजूतदार जावई मिळाला. सासूबाईंनी भाकरीची टोपली खाली ठेवली.

"धोंड्याचा महिना म्हणजे काय तुमच्या हापिसातला अर्ज हाय का, पुढं ढकलायला?"

"तसं नव्हे, पण या परिस्थितीत..."

"काय झालंय परिस्थितीला?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या घरात काई झालं न्हाई. पोरगं नोकरीवर हाय, तुमी हापिसात असता तसं. लोक म्हणतेत, पोरगं तिकडं अन् हिच्या घरात तळण. म्हणू द्या. तळण बंद केलं तर काय म्हणतील? अन् तुमी बी तेच म्हणायलाव."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाईनं महिनाभर घरातली एकही गोष्ट थांबू दिली नव्हती. सडा, रांगोळी, गुरुवारचा उपास, उन्हाळी पापड, सगळं वेळच्या वेळी. एक जरी काम थांबवलं, तर काहीतरी झालंय असं कबूल केल्यासारखं होणार होतं. आणि मी पानावर बसून नेमकं तेच कबूल करायला सांगत होतो.

"किती धोंडे खाऊ तेवढंच सांगा," मी म्हणालो.

"त्याची काळजी करू नका, ते आमाला दिसायलंय," सासरे म्हणाले. संध्याकाळीच त्यांनी सफारीसाठी माझं माप घेतलं होतं. टेप पोटाभोवती फिरवून लग्नाच्या वेळचा आकडा आठवला होता आणि "कापड वाढवून आणावं लागतंय" असं पुटपुटले होते.

रविवारी दुपारी धोंडे झाले. पाट, रांगोळी, सासू-सासऱ्यांनी आमचे पाय धुतले. मी नको नको म्हणत पाय पुढं केले. ताटात गरम धोंडे, वरून तुपाची धार. पहिला फोडला, वाफ निघाली, तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून हाक आली.

"ओ मामी! पोराचा फोन आला होता! कट झाला, परत करतो म्हणलाय, पळा!"

पुढं कोण कसं उठलं सांगता यायचं नाही. सासरे अनवाणी, बायको पदर खोचून, मी पुरणाच्या हातानं. उन्हात आमची वरात चौकात पोचली. काचेचं ते खोकडं एका माणसापुरतं. सासूबाईंना दम लागला होता, पण तशातही रीत सुटेना. म्हणाल्या, "आधी जावयाला बोलू द्या. मानाचे हायत."

मानाचा म्हणून मी आत शिरलो. फोन वाजला. मी उचलून "हॅलो" म्हणालो आणि तिकडून खरखरीत आवाज आला, "दाजी!"

एरवी मी फोनवर बोलणारा माणूसच नव्हे. समोरच्यानं बोलावं आणि मी हूं हूं करावं, यावरून मेव्हणा माझी चेष्टा करायचा. पण त्या दिवशी हूंसुद्धा निघेना. मी दार ढकललं, सासूबाईंना आत ओढलं, तुपकट रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला आणि बाहेर येऊन ओरडलो, "तोच आहे! त्याचाच आवाज आहे!" बायको रस्त्यावरच मटकन खाली बसून रडायला लागली. सासरे काचेला हात लावून उभे राहिले.

आत सासूबाई नुसत्या ऐकत होत्या. एकदा "हूं" म्हणाल्या. परत एकदा "हूं." तोंडाला पदर लावला. मग रिसीव्हरकडं बघत राहिल्या. फोन कट झाला होता.

"काय म्हणला?" सगळे एकदम.

"चांगला हाय. थंडी लय हाय म्हणला. आता खाली आणलंय म्हणला, तिथं गोळीबार न्हाई."

"अन् तू काय बोललीस?"

"मी काय बोलू?"

सासरे वैतागले. "महिन्यानं फोन आला अन् तू मुकी बसलीस! जेवलास का, एवढं तरी विचारायचं! मला तरी द्यायचा!"

"चला," सासूबाई म्हणाल्या, "धोंडे गार व्हायलेत." आणि आमच्या पुढं चालायला लागल्या. घरी येऊन त्यांनी धोंडे परत वाफवले, मला वाढले, अजून वाढले. तूप वाढताना हात जरासुद्धा हलला नाही. त्या मुक्या फोनवरून पुढं कितीतरी दिवस घरानं त्यांची थट्टा केली, शेजारणींनी केली, मीही केली. त्या हसायच्या. सासरे पेपर बघायला निघाले की म्हणायच्या, "कशाला रोज रोज दाढी खरवडून घ्यायलाव? तो न्हाई आता तिथं."

महालक्ष्म्यांच्या सणाला मेव्हणा घरी आला, आम्हीही पालमला गेलो. लढाई संपली होती, गावानं बँड लावून आणला. जीपमधून उतरला तो काठी टेकत. डाव्या पायात लंगडत होता. सासरे जागच्या जागी थिजले. बायकोनं किंकाळीच फोडली.

"अरे, काई न्हाई, बरं हाय आता," तो हसत म्हणाला. "छर्रे लागले होते. दवाखान्यातूनच फोन केला होता मी, धोंड्याच्या महिन्यात. दाजीला सगळं सांगितलं होतं की! म्हणलं, दाजी, आईला कळू देऊ नका, ताईला बी सांगू नका, पाय राहतो का जातो ते कळायचंय अजून. दाजी हूं हूं म्हणले." त्यानं मला सगळ्यांसमोर मिठी मारली. "मानलं दाजी तुमाला! एका शब्दानं बोलला न्हाईत कुणाला!"

सगळी वरात माझ्याकडं बघायला लागली. सासऱ्यांनी पाठ थोपटली. ते हूं माझे नव्हते, हे सांगायला मी तोंड उघडलं. मेव्हण्याच्या खांद्यावरून मला सासूबाई दिसल्या. हातात ओवाळणीचं ताट, निरांजन नीट तेवत होतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी थोडी मान हलवली. नाही, म्हणून.

"जावई हायतीच तसे," त्या म्हणाल्या. "सरका बाजूला, ओवाळू द्या."

पोराला वाटत होतं, आईला एवढ्यापुरतं तरी वाचवलं. तेवढं त्याच्याकडं राहू द्यायचं होतं त्यांना. मी तोंड मिटलं आणि सबंध सण खोट्या शाबासकीवर काढला. पंगतीत माझं ताट पहिलं. कटिंगच्या दुकानात मला खुर्ची. हे सगळं आज लिहितोय ते मेव्हणा माझं लिहिलेलं काही वाचत नाही, या एका भरवशावर.

फक्त बायको बोलत नव्हती. परतीच्या एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. गंगाखेडला मी भजी आणली, तिनं घेतली नाहीत. पुलावरून गोदावरी मागं गेली तेव्हा म्हणाली, "माझ्या भावाचा पाय जायला आला होता अन् तुमी बाजूला घोरत होतात. इतकं कसं जमलं हो तुमाला?"

तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं. माझा न निघालेला हूं, आईच्या कानाला लावलेला रिसीव्हर, काचेमागचे ते दोन हूं, ओवाळताना हललेली मान. ती ऐकत राहिली. मधेच पदर तोंडाला लावला, अगदी आईसारखा. खिडकीबाहेर कापसाची रानं पळत होती. मग तिनं भजीचा पुडा माझ्या मांडीवरून उचलला, एक भजं तोंडात टाकलं.

"फोन परत कधी आला की आधी माझ्याजवळ द्यायचा," ती म्हणाली. "आईजवळ न्हाई, अन् तुमी तर उचलायचाच न्हाई."