आउटहाउसचं पान

हर्षा लांजेवार वेबसाइट बनवायला कुठल्या क्लासात शिकली नाही. भिलाईत सुपेला भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात ती नोकरी करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसते का ते बघणं, हे तिचं काम. मालकाला एकदा दुकानाची वेबसाइट हवीशी झाली. ज्या पोराला काम दिलं तो अर्ध्यावर सोडून हैदराबादला निघून गेला आणि उरलेलं काम हर्षाच्या टेबलावर येऊन पडलं.

तिनं घाबरत घाबरत एक पान उघडलं, माउसचं उजवं बटन दाबलं, आणि त्या पानाच्या पोटातला सगळा कोड समोर आला. कुठलंही पान असं आतून बघता येतं, ते कसं रचलंय ते वाचता येतं, आणि बघितलं म्हणून कोणी रागावत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. तिचं बालपण पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर पाचच्या क्वार्टरमध्ये गेलं. एका बाजूला मल्याळी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मागच्या लाइनीत बिलासपूरकडचे लोक. तिची आई शकुबाई भंडाऱ्याकडची; शेजारणीच्या ओट्यापाशी उभी राहून ती इडली शिकली आणि तिच्या ओट्यापाशी उभं राहून शेजारीण पातोड्या शिकली. हर्षाला वेबचं तंत्र तसंच वाटलं. बघायचं, समजून घ्यायचं, घरी येऊन आपल्या हातानं करायचं.

तिचे वडील तेजराम प्लांटमधून रिटायर झाले तेव्हा नियमाप्रमाणे क्वार्टर सोडावं लागलं. रुआबांध्याला त्यांनी घर बांधलं होतं, तिकडे सगळे गेले. भिलाईत हे प्रत्येकाचं होतं. तीस-पस्तीस वर्षं ज्या भिंतींना चुना लावला, त्या भिंती दुसऱ्याच्या होतात. हर्षानं स्वतःची एक साइट सुरू केली आणि तिच्यावर आपल्या जुन्या क्वार्टरचं एक पान बनवलं. दोन फोटो, आणि तिथं कोण राहायचं याबद्दल चार ओळी. मग शेजाऱ्यांचं पान. मग त्यांनी सांगितलेल्या पुढच्या लोकांचं. वर्षा-दोन वर्षांत सेक्टरामागून सेक्टर तिच्या साइटवर उभे राहिले. एका क्वार्टरच्या पानावरून शेजारच्या पानावर जायची लिंक, तिथून कोपऱ्यावरच्या, तिथून मैदानाकडे. लॉगिन नाही, फोन नंबर नाही, जाहिरात नाही. ज्याला यायचं त्यानं यावं, हिंडावं, जावं.

तिचा भाऊ मोहित पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला हे सगळं जुनाट वाटायचं.

"दीदी, हातानं एचटीएमएल कोन लिहिते आजकाल? ॲप बनव. लोकं साइन-अप करतील, तुले माहीत पडेल कोन येऊन राहिलं, कोन जाऊन राहिलं."

"मले कायले माहीत पडाले पायजे?" हर्षा म्हणाली. "गल्लीतून जानाऱ्याले आपन नाव विचारतो का?"

भिलाईतून बाहेर पडलेल्या लोकांचा सोशल मीडियावर एक मोठा ग्रुप होता. हर्षाही त्यात होती. तिथं एका दुपारी चंदा नावाच्या बाईनं एक पोस्ट टाकली. चंदा आता राजनांदगावला शाळेत शिकवते. तिची आई एका प्लांट अधिकाऱ्याच्या बंगल्यात स्वयंपाक करायची आणि मायलेकी बंगल्यामागच्या आउटहाउसमध्ये राहायच्या. एक खोली, बाहेर नळ. बंगल्यातून त्या खोलीपर्यंत तार टाकून बेल बसवलेली होती. एकदा वाजली तर आईला बोलावणं, दोनदा वाजली तर चंदाला. बोर्डाच्या परीक्षेच्या सकाळीही दोनदा वाजली होती, पाहुण्यांच्या चहाचे कप उचलायला. चंदानं एवढंच लिहिलं होतं. कोणाचं नाव नाही, शिवी नाही. शेवटी म्हटलं होतं की बागेतली सीताफळं मात्र पोटभर खाल्ली.

संध्याकाळपर्यंत पोस्ट गायब. ग्रुप चालवणाऱ्यानं खाली सूचना टाकली, इथं फक्त चांगल्या आठवणी टाकाव्यात.

हर्षानं चंदाचा नंबर शोधून फोन लावला. "वो जो आपने लिखा था, मुझे भेजेंगी? मेरी अपनी साइट है।"

"वहाँ से भी हटा देंगे तो?"

"वहाँ हटानेवाली मैं ही हूँ," हर्षा म्हणाली. "और मैं नहीं हटाऊँगी।"

चंदानं मजकुरात बंगल्याचा नंबर टाकून पाठवला, आणि तो नंबर हर्षाच्या ओळखीचा होता. त्या बंगल्याचं पान तिच्या साइटवर आधीपासून होतं. ते लिहिलं होतं बाबाराव देशकरांनी, म्हणजे ज्या साहेबांकडे चंदाची आई कामाला होती त्यांनीच. ते मूळचे नागपूरचे, आता दुर्गला पद्मनाभपुरात राहत होते. आपल्या गुलाबांबद्दल, पुष्पप्रदर्शनात मिळालेल्या कपाबद्दल, लॉनवरच्या दिवाळीच्या फराळाबद्दल त्यांनी मोठ्या प्रेमानं लिहून पाठवलं होतं. आणि तेजरामांची अख्खी नोकरी त्यांच्याच खात्यात गेली होती.

हर्षानं चंदाचं पान चढवलं. तिच्या साइटवर रिवाज होता, शेजारच्या घराला लिंक द्यायची. तिनं बंगल्याच्या पानाखाली ओळ टाकली: याच आवारातलं आउटहाउस. आणि आउटहाउसच्या पानाखाली: याच आवारातला बंगला.

तिसऱ्या दिवशी बाबारावांचा फोन आला.

"हर्षा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"काका, तुमचं नाव नाई त्याच्यात."

"बंगल्याचा नंबर आहे. सगळ्या भिलाईला कळतं तिथं कोण राहत होतं. ते पान काढ."

"ते चंदाचं हाय काका. तिनं सांगतलं तर काढीन."

बाबाराव आवाज उतरवून म्हणाले, "बरं, राहू दे तिचं पान. निदान ती लिंक तरी काढ. माझं पान वाचून माणूस थेट तिकडे जातो."

"आवार एकच होतं ना, काका," हर्षा म्हणाली. "मी लिंक काढली तं काय आउटहाउस तिथून उठून जाईन?"

"मग माझं पान काढून टाक."

"तुमचं लिहिलेलं हाय, तुमी म्हनाल तं काढते," ती म्हणाली, आणि तिनं खरंच काढलं. गुलाबांचं वर्णन तिला आवडायचं, पण ज्याचे शब्द त्याचा हक्क. बंगल्याच्या जागी आता मोकळं पान राहिलं, आणि त्याच्यावर एकच ओळ: याच आवारातलं आउटहाउस.

घरात मात्र वातावरण तापलं. तेजरामांनी जेवताना हात थांबवला.

"तू साहेबाले असं बोलली?"

"मी काही वावगं नाई बोलली, बाबा."

"तुले माहीत नाई. तुही आई बाळंतपणात अडली होती, मोहितच्या वक्ताले. मी कोक ओवनच्या भट्टीवर, बी शिफ्टमध्ये. त्या मानसानं आपली गाडी पाठवली, ड्रायव्हर पाठवला, अन् मले म्हने, 'तेजराम, पह्यले घरी जा, शिफ्टचं मी पाहतो.' असा साहेब कोनाले भेटते? आज तुनं त्याची इज्जत रस्त्यावर आनली."

शकुबाई भाकरी भाजत होती. ती वळून म्हणाली, "गाडी आली होती, हे खरं हाय वो बाई."

हर्षाला खोटं पाडायचं काही नव्हतं. गाडी आली होती, आणि बेलही वाजत होती. माणूस एकच. ती म्हणाली, "बाबा, हे तुमी लिहा. आपल्या क्वार्टरच्या पानावर. गाडीचं, ड्रायव्हरचं, सगळं. साहेबाचं नाव टाकून लिहा. मी एक अक्षर बदलनार नाई."

"अन् त्या बाईचं?"

"तिचं बी राहीन. तुमचं खरं हाय म्हनून तिचं खोटं होत नाई."

तेजराम रुसून उठले. पण रविवारी सकाळी ते तिच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसले आणि सांगू लागले. ती टाइप करत गेली. मधेच तिनं 'तुह्या आईले' चं 'पत्नीला' केलं, तर ते म्हणाले, "पत्नी कोन? असं मी कधी म्हटलं?" तिनं परत 'तुह्या आईले' केलं.

त्या पानाला दोन दिवस झाले असतील. दुकानात एका म्हाताऱ्याला चष्मा दाखवत असताना मोनाचा फोन आला. मोना हर्षाची मैत्रीण, साइटसाठी लोकांकडून फोटो गोळा करायची. म्हणाली, साइट उघडत नाही. हर्षानं बघितलं. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एक ओळ होती की हे खातं तक्रारीमुळे बंद ठेवण्यात आलं आहे. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती साइट ठेवत होती, त्यांच्याकडे बदनामीची तक्रार गेली होती. कंपनीनं शहानिशा न करता आधी कुलूप लावलं होतं. तक्रार कोणी केली हे सांगायचं त्यांना कारण नव्हतं, आणि हर्षाची बाजू विचारून घ्यायची गरजही त्यांना वाटली नव्हती.

मोहितला कळलं तसा त्याचा फोन. "दीदी, एक मेल टाक त्यांना. पान हटवलं म्हन, सॉरी म्हन, साइट परत सुरू होते. कावून वाढवून राहिली? एका पानापायी बाकी सगळ्यांची घरं गेली ना तुझी."

हे मात्र तिला लागलं. शेकडो लोकांनी दिलेल्या आठवणी एका पानासाठी अंधारात होत्या. त्यात कित्येक जण आता हयातही नव्हते. मोहित चुकीचं बोलत नव्हता.

"एकही घर गेलं नाई, मोहित," ती म्हणाली. "सगळं सामान माह्या घरी हाय. साइटचं नाव माह्या नावावर हाय. त्यांची फक्त जागा होती. जागा बदलते."

क्वार्टर बदलणं भिलाईत कोणाला शिकवावं लागत नाही. ट्रॅक्टर सांगायचा, सामान चढवायचं, दारावरची पाटी स्क्रू काढून सोबत घ्यायची आणि नव्या दारावर ठोकायची. टपालवाला पाटी बघून येतोच. हर्षाच्या साइटमध्ये गुंतागुंतीचं काही नव्हतं; साधी पानं आणि फोटो, एका फोल्डरमध्ये. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून सुट्टी घेतली, दुसऱ्या कंपनीकडे जागा घेतली, फोल्डर तिकडे चढवलं आणि साइटचं नाव नव्या जागेकडे वळवलं. शकुबाईनं मधे दोनदा चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. चार वाजता मोनाचा मेसेज आला की तिच्याकडे साइट दिसायला लागली. हर्षाच्या स्वतःच्या फोनवर अजून जुनंच कुलूप दिसत होतं. नाव वळायला वेळ लागतो, कुठं आधी, कुठं मागून. तिन्ही सांजेला रुआबांध्यातही दिसली.

ती तेवढ्यावर थांबली नाही. तिनं पहिल्या पानावर ठळक लिहिलं की या साइटची पूर्ण प्रत इथून कोणीही उतरवून घ्यावी, आपल्याकडे ठेवावी, हवं तर आपल्या नावानं परत उभी करावी. मोहितनं पुण्याहून सगळ्यात आधी प्रत उतरवली. फोन केला नाही, नुसता फोल्डरचा फोटो पाठवला. चंदानं शाळेच्या कॉम्प्युटरवर ठेवली. आता बंद करायची तर कुणाकुणाचं दार ठोठावणार?

तेजरामांनी तिला एकदाच विचारलं, "तक्रार साहेबानंच केली असन का?"

"माहीत नाई, बाबा. माहीत नाई तं मी म्हननार बी नाई."

त्यानंतर काही महिन्यांनी बाबारावांनी आपली स्वतःची वेबसाइट काढली. भाच्याकडून बनवून घेतली, फुकटवाली. वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, बाजूला केस गळण्यावरच्या तेलाच्या जाहिराती येतात आणि मधे लांबलचक मजकूर आहे: 'काही आवश्यक खुलासे'. बेल फक्त आजारपणात कामी यावी म्हणून बसवली होती, असं त्यांनी लिहिलं. स्वयंपाकिणीच्या मुलीच्या शाळाप्रवेशासाठी आपण शिफारशीची चिठ्ठी दिली होती, असंही लिहिलं. गुलाबांचं जुनं वर्णन शब्द न बदलता तिथं आहे.

हर्षानं ते पूर्ण वाचलं आणि चंदाला फोन केला.

"पढ़ा मैंने," चंदा म्हणाली. "चिट्ठी वाली बात सच है, मैं भूल गई थी। अपने पन्ने में जोड़ दूँगी। बेल वाली बात झूठ है।"

"उनका लिंक लगा दूँ?"

"लगा दो। उनको जो कहना है, अपने घर से कहें।"

बंगल्याच्या मोकळ्या पानावर हर्षानं बाबारावांच्या साइटची लिंक दिली, आउटहाउसच्या पानाखालीही दिली. तेजरामांना ते पटलं नाही. "ते तुह्याविरुद्ध लिहिते, अन् तू त्यायचा रस्ता दाखवते?"

"त्यायले बोलाले कोनी रोखलं नाई पायजे, बाबा. मलेही नाई."

बाबारावांनी आपल्या साइटवर तिची लिंक दिलेली नाही. देणारही नाहीत. लग्नकार्यात समोर आले तर तेजरामांशी बोलतात, हर्षाकडे बघत नाहीत. त्यांची पत्नी रत्नमालाबाई मात्र हर्षाच्या दुकानात चष्म्याची दांडी बदलायला येतात आणि त्या विषयावर दोघींपैकी कोणी शब्द काढत नाही.

आउटहाउसची पानं आता सातत्यानं येतात. एक विशाखापट्टणमहून आलं, एक थेट दुबईहून. गेल्या महिन्यात एक गृहस्थ दुकानात आले. चष्मा घ्यायचा नव्हता. एका संघटनेचे पदाधिकारी आहेत म्हणाले, आणि काउंटरवर दोन्ही हात ठेवून विचारलं की भिलाईबद्दल हे सगळं छापायची परवानगी तिला कोणी दिली.

हर्षा फ्रेमचा एक छोटा स्क्रू पिळत होती. तो बसेपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"किसी से नहीं ली," ती म्हणाली. "आपको भी लेनी नहीं पड़ेगी। लिखना है तो बैठिए, सिखा देती हूँ।"