शिकून राह्यल्या

पुण्याहून गाडी सुटली तेव्हा सर म्हणाले, "मुलांनो, गाव कोऱ्या मनाने वाचा." वंचित घटकांतल्या कॉलेजच्या पोरांना समाजशास्त्राचं संशोधन शिकवणारं आमचं ते उन्हाळी शिबिर. अभ्यासाला सरांनी गाव निवडलं होतं बुलढाणा जिल्ह्यातलं बीबी. म्हणजे माझंच! आता मी कोरं मन आणू कुठून?

सिंदखेडराजा मागे पडलं. नांगरून टाकलेली काळी रानं सुरू झाली आणि गाडीचा पत्रा हात लावू देईना. सर खिडकीतून बघत म्हणाले, "किती प्रामाणिक भूप्रदेश!" मी ओढणीत तोंड खुपसून हसले.

उतरल्याबरोबर सरांनी मला बाजूला घेतलं. "गाव तुझं. तुझी तटस्थता राहणार नाही. तू मुलाखती घ्यायच्या नाहीस." झालं! इतके दिवस मुलाखत कशी घ्यावी ते घोकलं, आणि काम मिळालं पाण्याचे जार उचलायचं.

जेवण आमच्याच घरी होतं. आमरस आणि सरगुंडे (काडीवर वळलेल्या गव्हाच्या शेवया). सरांनी विचारलं, "हा पास्ता इथेच बनतो का?" आईने हो म्हटलं आणि आणखी वाढलं. मग ओसरीवर आईबाबांची मुलाखत झाली. मी आत भांडी घासत होते, अर्धंमुर्धंच कानावर येत होतं.

"गावातल्या मुली काय करतात?"

"शिकून राह्यल्या," बाबा म्हणाले.

सर "अरेरे" म्हणून हळहळले. बाबांना वाटलं, सरांना रस बाधला.

धाकटी प्रज्ञा नुकतीच बारावी झाली होती. बुलढाण्याला होस्टेलवर राहून पुढे शिकायचा तिने हट्टच धरला होता. बाबा तयार होत आले होते, पण मोठेबाबांचा (बाबांच्या थोरल्या भावाचा) शब्द मोडायची त्यांची छाती नव्हती. आणि मोठेबाबांचं म्हणणं एकच, "एक धाडली तेवढं बस झालं."

गाव सोडायच्या आदल्या संध्याकाळी विहारात सगळे जमले. सरांनी निष्कर्ष वाचले. "घरोघरी मुली शिकून घरीच राहिल्या आहेत. तेव्हा पदवीपेक्षा त्यांना शिवणकाम शिकवावं."

मोठेबाबांना तर आयतंच सापडलं. "ऐक बे! पुण्याचे सर सांगून राह्यले. काऊन धाडतं तिले बुलढाण्याले?"

बाबांनी मान खाली घातली. प्रज्ञाचे डोळे भरून आले आणि माझं डोकंच सटकलं. तटस्थता गेली लोणारच्या खड्ड्यात!

"सर, शिकून राह्यल्या म्हणजे शिकत आहेत! अजून शिकत आहेत!"

सर गोंधळले. "मग शिक्षण संपलं तर काय म्हणतात?"

"शिकल्या म्हणतात!"

"अन् आता सर समजून राह्यले म्हणतात," मागून एक काकू बोलल्या. सारा विहार खदखदून हसला.

त्या हसण्यातच बाबा उभे राहिले. मोठेबाबांकडे वळले. "दादा, माही प्रज्ञा शिकून राह्यली. ते बुलढाण्याले जाईन."

मोठेबाबांनी टोपी झटकली. "सरच चुकले तं म्या काय करू? जाऊ दे."

प्रज्ञाने मला अशी मिठी मारली की माझा श्वास अडकला.

परतीच्या गाडीत सरांनी सगळ्या मुलाखती माझ्या मोबाइलवर पाठवल्या. "पुन्हा ऐकून दुरुस्त कर. तुझं भाषिक भांडवल मोठं आहे." जार उचलताना हे भांडवल कुठे गेलं होतं, असं अगदी जिभेवर आलं होतं. कानात इअरफोन घातले. घरामागून घर तेच, शिकून राह्यली, शिकून राह्यली. ऐकताना छाती फुगत होती.

मग आमचं घर आलं. बाबांनंतर सरांनी आईला विचारलं होतं, "आणि तुम्ही काय करता?"

आई जराशी हसल्याचं ऐकू आलं. "मी? पोरीची वाट पाहून राह्यली. आता लहानी गेली का मंग दोघींची पाहीन."

ते वाक्य वहीत उतरवलं, पण पुढे माझ्याने ऐकवेना.

सर शेजारून वहीत डोकावले. "हे प्रमाण भाषेत कसं लिहायचं?"

"नका लिहू सर," मी म्हटलं. "आई बोलली तसंच असू द्या."