बंटीच्या मानेवरची हळद

"कोणाला चावला का?" मी आधी हेच विचारलं. टेबलावरचं कुत्रं लाळ गाळत होतं, पाय झटके देत होते, आणि रेबीजचं इंजेक्शन त्याला जन्मात दिलं नव्हतं.

सौसरला माझा जनावरांचा दवाखाना आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, रामाकोन्याहून वंदना स्कूटीवर आली. मागे सासरे, त्यांच्या मांडीवर बंटी. डॉक्टर शोधण्यात तिचा तास गेला होता. मोबाईलवर नागपूरचे दवाखाने दिसले, तिथला खर्च ऐकून ती घाबरली, मग भाड्याची गाडी पाहत बसली. शेवटी शेजारणीने माझा नंबर दिला. बारा किलोमीटरवर मी बसलेली, आणि ही नागपूरला फोन लावत होती. डोकंच फिरलं माझं, पण बोलायला वेळ नव्हता.

खरं सांगते, मी भ्यायले होते. रेबीजला औषध नाही. कुत्रं तर जातंच, आणि त्याची लाळ ज्याच्या जखमेला लागली त्याच्याही जिवाला घोर. चावला कोणालाच नव्हता, पण वंदनाची मुलगी दिवसभर त्याच्याशी खेळते म्हणे. मी हातमोज्यांवर हातमोजे चढवले.

टॉर्च मारून डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हे विषबाधेचं लक्षण. पण कसलं विष? ते कळल्याशिवाय औषध देणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

वंदना म्हणाली, काहीच खाल्लं नाही.

मान धरताना हातमोज्याला पिवळं लागलं. बंटीच्या मानेवर हळद आणि लोणी. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्याने चोळतात, खांदशेकणी म्हणतात त्याला. बाबांनी, म्हणजे वंदनाच्या सासऱ्यांनी, कुत्र्यालाही बैलांचा मान दिला होता. मग आंघोळही बैलांसारखीच घातली असणार.

"बाबा, बैल कशाने धुतले?"

ते खाली पाहत म्हणाले, "गोचीड लय झाले होते जी. कपाशीवर मारतो ते दवाई टाकली पाण्यात. उरलेलं यालाबी लावलं."

बैल नंतर नदीत धुतले, म्हणून वाचले. बंटी अंग चाटत बसला होता.

मी ॲट्रोपिन भरलं. या विषावरचा हा उतारा. थोडं शिरेत द्यायचं, लाळ आटते का बघायचं, पुन्हा द्यायचं. मधल्या वेळात वंदनाने आणि मी त्याला साबणाने तीनदा धुतलं. चौथ्या इंजेक्शनला लाळ आटली. झटके थांबले. मी पहिल्यांदा खुर्चीवर टेकले.

आणि समोर बाबा दुपट्ट्याने सारखं तोंड पुसत होते. डोक्यावर पंखा, तरी सदरा घामाने चिंब. टॉर्च त्यांच्या डोळ्यांवर धरली. तशाच बाहुल्या. हे विष कातडीतूनही आत शिरतं.

"हात घालून ढवळलं होतं का पाणी?"

"हो जी. काही नाही होऊन राहिलं मले. तुमी बंटीले पाहा."

मी वंदनाला ओरडलेच. दवाईची बाटली घरून मागव, यांना आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात ने. शेजारचा ऑटो बोलावला. ती वाट पाहण्याची पाच मिनिटं मला अजून आठवतात.

बाबा तीन दिवस भरती होते. पोळा शेजाऱ्यांनी बैल नेऊन साजरा केला. बंटी दुसऱ्या दिवशी दूध प्यायला.

महिन्याभराने वंदना बंटीला रेबीजच्या इंजेक्शनसाठी घेऊन आली. वर्षाला काय लागतं ते विचारून घेतलं. लसी, जंताच्या गोळ्या, गोचिडाचं औषध आणि अडीनडीला थोडं बाजूला. बैलांच्या साजासाठी घरात दरवर्षी पैसा निघतो, कुत्र्याचा खर्च कोणी धरतच नाही. माझा नंबर तिने घरातल्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलाय म्हणे.

मीही एक शिकले. शिक्षण माझं जनावरांचं. पण आता टेबलावर कोणतंही जनावर आलं, की पहिली टॉर्च मी आणणाऱ्याच्या डोळ्यांवर मारते.